जगदाळे वहिनी आणि संडासाचं दार

आमच्या नेरुळच्या सोसायटीच्या मिनिट्स बुकात सगळ्यात जास्त वेळा ज्या बाईचं नाव आलंय, ती कमिटीवर कधीच नव्हती. ‘सौ. जगदाळे (तळमजला) यांना समज देण्यात यावी’ हे वाक्य त्या वहीत इतक्यांदा आहे, की सेक्रेटरींनी त्याचा रबरी शिक्का करून घेतला असता तर त्यांचा बराच वेळ वाचला असता. समज किती वेळा दिली गेली हे मला माहीत नाही. घेतली एकदाही गेली नाही, एवढं मी साक्षीला राहून सांगू शकते.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी तिथे राहायला आले तेव्हा माझा मुलगा चार महिन्यांचा होता. नवरा कारखान्यात शिफ्टला, माहेर लांब, शेजार अनोळखी. एके दुपारी बाळ काही केल्या पिईना. ते रडत होतं, मीही रडत होते, आणि पलंगावर बालसंगोपनाचं एक जाडजूड पुस्तक उघडं पडलं होतं. दार लोटलेलं होतं. ते ढकलून एक बाई सरळ आत आली. उंच, हाडापेरानं मोठी, पदर खोचलेला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. मला वाटलं, कणीक भिजवता भिजवता आल्यात.

“कोन रडतंय? पोरगं का तुमी?”

“दोघंही,” मी म्हटलं.

“मंग एकानं थांबा. पाळीनं रडायचं. दोघं एकदम रडाय लागली तर समजूत कुनी काढायची?”

त्यांनी हात पातळाच्या मागच्या बाजूला पुसले, बाळाला उचललं, खांद्यावर टाकलं आणि दुसऱ्या हातानं ते पुस्तक उचलून चाळलं.

“ह्यात ह्याचं नाव लिवलंय का?”

“कुणाचं?”

“ह्या पोराचं.”

“नाही.”

“मंग हे दुसऱ्या कुनाच्या तरी पोराचं पुस्तक हाय.” आणि त्यांनी ते पलंगाखाली सरकवून दिलं. ते मला पुढे घर बदलतानाच सापडलं.

त्या दिवशी जगदाळे वहिनी तासभर बसल्या. बाळ त्यांच्या खांद्यावर ढेकर देऊन शांत झालं, मग प्यालंही. मी त्याला पाजत असताना त्या माझ्याकडे अशा टक लावून बघत होत्या, की मला अवघडल्यासारखं झालं. शिंपी माप घेताना बघतो, तसं. पंधरा दिवसांनी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आणून माझ्या ओट्यावर ठेवलं. चिनी मातीचा एक दुधाचा जग होता. खांदे पडलेले, पोट सुटलेलं, वरच्या काठाला विस्कटलेल्या केसांच्या बटा, आणि जिथे एक तोटी असायला हवी तिथे दोन.

“ह्या तुमी,” त्या म्हणाल्या.

हसावं की रागवावं हे मला कळेना. नवऱ्यानं त्यातून चहात दूध ओतून पाहिलं. दोन्ही तोट्यांतून धार सारखी येत होती. माझ्या बाबतीत ते खरं नव्हतं, पण आपली तक्रार कुंभाराकडे कशी करणार?

वहिनी मूळच्या कोरेगाव तालुक्यातल्या. जगदाळे भाऊ वाशीच्या घाऊक बाजारात कांदे-बटाट्याच्या एका गाळ्यावर कामाला होते. अत्यंत शांत माणूस. त्यांच्या अंगाला कायम कांद्याचा वास, त्यामुळे ते जिन्यात आले की बोलायच्या आधीच कळायचं. घरात सासूबाई होत्या, त्यांना वहिनी सातारच्या पद्धतीनं आत्याबाई म्हणत. आणि वैशाली नावाची एकुलती एक मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. वहिनी स्वतः पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात जात. तिथे विजेच्या फ्यूजचे चिनी मातीचे कटआऊट बनत. साच्यातून निघालेल्या कच्च्या कटआऊटच्या कडा ओल्या स्पंजनं पुसून साफ करायच्या, हे त्यांचं काम. दिवसाला शेकडो. “आख्ख्या ठाणे जिल्ह्याचे फ्यूज मी पुसल्यात,” असं त्या सांगत. “लाईट गेली तर मला शिव्या द्यायच्या.”

वस्तू करण्याची सुरुवात तिथेच झाली. वैशाली सहा वर्षांची असताना तिचा पाय एकाएकी वाढायला लागला, दर चार महिन्यांनी चपला आखूड. वहिनींना चुटपुट लागली की हा एवढासा पाय आता परत काही दिसायचा नाही. म्हणून त्यांनी जेवणाच्या सुट्टीत वाया गेलेल्या मातीचा एक गोळा घेतला, आठवणीनं वैशालीचा उजवा पाय घडवला, आणि कुणाला न सांगता कटआऊटच्या रांगेमागे भट्टीत सारून दिला. भट्टी तापली आणि आत धडाम असा आवाज झाला. पायाचे तुकडे झालेच, शिवाय आजूबाजूच्या दोन रांगा कटआऊट भुईसपाट.

मालक वीरजीभाई म्हणून कच्छी गृहस्थ होते. ते धावत आले. “किसने डाला? क्या डाला अंदर?”

“म्या,” वहिनी म्हणाल्या. “माझ्या पोरीचा पाय.”

वीरजीभाई मटकन स्टुलावर बसले. त्यांना पाणी द्यावं लागलं. पाय मातीचा होता, हे त्यांच्या डोक्यात शिरायला पाच मिनिटं गेली. वहिनींनी ओळखलं की आता नोकरी गेली. पण वीरजीभाईंनी तोंडावरून रुमाल फिरवला आणि विचारलं, “ठोस बनाया था?”

“म्हंजी?”

“अंदर भरेला. ऐसा नहीं डालते, बेन. मोटा माल अंदर से खाली करने का, सुई से होल मारने का, आठ दिन सुखाने का. फिर डालने का.” मग जरा थांबून म्हणाले, “दुसरा बनाओ. मेरेको दिखाओ पहले.”

दुसरा पाय टिकला. वीरजीभाईंच्या स्वतःच्या तीन मुली लग्न होऊन दूर गेल्या होत्या. त्यांनी तो पाय मागून घेतला आणि टेबलावर बिलांवर वजन म्हणून ठेवला. त्या दिवसापासून भट्टीच्या सगळ्यात मागच्या फळीची डावी बाजू जगदाळेबेनची, असं ठरून गेलं.

कारखान्यात मातीवर चढवायच्या चकाकीचे रंग दोनच होते, पांढरा आणि तपकिरी. त्यामुळे वहिनींच्या सगळ्या वस्तू त्या दोन रंगांत. हत्यारं स्वयंपाकघरातली. करंजीचं कातणं, केसांचे आकडे, भाऊंची दाढीची जुनी पाती, आणि मातीच्या बायकांचे केस पाडायला चकलीचा सोऱ्या. दिवाळीसाठी सोऱ्या वेगळा आहे, असं त्या छातीठोकपणे सांगत. एका दिवाळीला आमच्याकडे आलेल्या चकल्या दाताखाली जरा जास्तच कुरकुरीत लागल्या होत्या. मी विचारलं नाही. काही गोष्टी शेजाऱ्यानं विचारू नयेत.

त्या काय करत? घरात जे दिसेल ते. कुकरच्या झाकणावर शिट्टीजवळ तिरकी बसलेली बाई, पातेल्याला चिकटलेली मुलं, ताटाच्या काठावर उरलेला भाताचा घास. आई म्हणजे देवी, असं कुणी त्यांच्यासमोर म्हटलं की त्या भडकत. “देवी कशी? देवीला निवद ताजा लागतो. आईला मिळतो तो कालचा, तो बी पोरांनी उष्टावलेला.” कलाकार हा शब्दही त्यांना सहन होत नसे. तमाशातल्या बाईला कलाकार म्हणतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि तमाशातल्या बाईला निदान नाचता येतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

एका वर्षी त्यांनी नऊ बरण्या केल्या. प्रत्येक बरणीचं झाकण म्हणजे आत्याबाईंचं तोंड. एक रागावलेलं, एक कानोसा घेणारं, एक जांभई देणारं, एक शेजारणीची निंदा ऐकताना खुशीत आलेलं. वहिनींनी त्या कॉटखाली गोणपाटात लपवून ठेवल्या होत्या. आत्याबाईंना मिश्रीची डबी सापडेना म्हणून त्या कॉटखाली वाकल्या, आणि स्वतःच्या नऊ तोंडांनी त्यांच्याकडे बघितलं.

मी तेव्हा त्यांच्याच घरी वाटीभर साखर मागायला गेले होते. मला वाटलं, आता हे घर फुटणार. आत्याबाईंनी एकेक झाकण काढून उजेडात धरलं. मग म्हणाल्या, “सुमन, माझं नाक एवढं बसकं हाय व्हय?”

“आत्याबाई, ते चुकून...”

“चुकून नऊ येळा? आमच्या माहेराकडं समद्यांची नाकं सरळ हाईत. बस हितं. बघून कर.”

आणि त्या मोरीसमोर पाट घेऊन बसल्या. त्यानंतर आठवडाभर रोज संध्याकाळी चार ते पाच आत्याबाई नाक करून घ्यायला बसत. मान ताठ, तोंडात मिश्री. दहावी बरणी झाली, नाक सरळ आलं आणि तिच्यात मिश्री ठेवायचा हक्क त्यांनी स्वतःला देऊन टाकला. बाकीच्या नऊ बरण्यांबद्दल आल्यागेल्याला सांगत, “त्या माझ्या जावंच्या.”

आता संडासाच्या दाराकडे येते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोसायटीच्या महिला मंडळानं ‘मातृत्व : एक मंगल प्रवास’ या विषयावर हस्तकलेचं प्रदर्शन ठरवलं. सेक्रेटरी प्रधान साहेब स्वतः उद्घाटनाला. जगदाळे वहिनी मातीकाम करतात म्हणून त्यांना निरोप गेला, की एखादी माता-बालकाची सुरेखशी मूर्ती द्या. प्रधान साहेब हे अतिशय सज्जन गृहस्थ होते. शुद्ध बोलत, वेळेवर फिरायला जात, नोटीस बोर्डाच्या काचेवर कुणी बोट उमटवलं तर त्याचीही नोटीस लावत.

हॉलमध्ये टेबलांवर भरतकामातला बाळकृष्ण, मोत्यांचा पाळणा, रांगोळीतली गाय-वासरू असं सगळं मंगल चाललं होतं. वहिनींनी शेवटच्या टेबलावर फडकं झाकून एक वस्तू ठेवली. प्रधान साहेबांनी हसतमुखानं फडकं उचललं.

वीतभर उंचीचं एक दार होतं. आमच्या इमारतीतल्या संडासांना होतं तसंच, खाली झिजलेलं, वर कडीजवळ टवका उडालेला. समोरून बघितलं तर दाराच्या खालच्या फटीतून चार इवली बोटं आत घुसलेली. वळसा घालून मागे गेलं की आत एक बाई पालथ्या बादलीवर बसलेली. ना ती संडासला बसलेली, ना धुणं धूत होती. भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून नुसती बसली होती. तळाशी केसांच्या आकड्यानं कोरलं होतं : ‘आले आले’.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. बघता बघता बायका टेबलाभोवती गोळा झाल्या, एकमेकींना कोपरं मारून मागची बाजू दाखवायला लागल्या. तिसऱ्या मजल्यावरची एक बाई हसता हसता खुर्ची धरून बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते बराच वेळ थांबलं नाही.

प्रधान साहेबांचा चेहरा लाल झाला. “जगदाळे बाई, हा विषय मातृत्वाचा आहे. शौचालयाचा नव्हे. हा मातृत्वाचा अपमान आहे.”

“अपमान कसला, साहेब? ती बसलीया फक्त.”

“पण तिथे का बसली आहे?”

“दुसरीकडं कुठं बसू देत्यात?” वहिनी म्हणाल्या. “तुमच्या मिसेसना इचारा की. त्या बी दार लावून आत जात असत्याल.”

आता प्रधान काकू म्हणजे सोसायटीतली सगळ्यात गप्प बाई. दहा वर्षांत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. साहेबांनी अतिशय आत्मविश्वासानं त्यांच्याकडे वळून पाहिलं. काकूंच्या हातात तिळगुळाचं ताट होतं. त्या ते खाली ठेवायलाही विसरल्या.

“मी शंभर आकडे मोजते,” त्या म्हणाल्या. “मग बाहेर येते.”

साहेब काहीतरी बोलायला गेले.

“मुलं लहान होती तेव्हापासून मोजते,” काकू म्हणाल्या. “आता मुलं अमेरिकेत आहेत. तरी मोजते.”

मग त्यांनी साहेबांनाच पहिला तिळगूळ दिला आणि पुढच्या बाईकडे गेल्या. गोड बोला, असं त्या म्हणाल्या का ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मिनिट्स बुकात ‘समज देण्यात यावी’ आलंच. पण त्याच आठवड्यात काकूंनी स्वतः फोन लावून मुंबईतल्या आपल्या भाचीला बोलावून घेतलं. ही भाची, अदिती, एका चित्रांच्या गॅलरीत कामाला होती. ती आली, जगदाळ्यांच्या कॉटखाली वाकली आणि अर्धा तास बाहेरच आली नाही. बाहेर आली तेव्हा केसांत जळमटं आणि डोळ्यांत वेड. “काय संयम आहे रंगांचा!” ती म्हणाली. “फक्त पांढरा आणि तपकिरी!”

“संयम कसला? डब्यात दुसरा रंगच न्हवता,” वहिनी म्हणाल्या.

सहा महिन्यांनी गॅलरीत चौघांचं एक प्रदर्शन होतं. त्यात वहिनींच्या दहा वस्तू ठेवायचं ठरलं. वहिनींना त्याचं काय वाटलं ते कळायला मार्ग नव्हता, कारण त्यांनी फक्त “टेन्शन नको” एवढंच म्हटलं आणि त्या दिवशीची भाजी दोनदा खारट केली. मग मात्र त्या झपाटल्यागत कामाला लागल्या. पावण्याहून आल्या की हात धुवायचे, भाकऱ्या टाकायच्या, पुन्हा हात मळवायचे. जगदाळे भाऊंनी गाळ्यावरून गोणपाटांचा ढीग आणून ठेवला. त्या एवढ्या वर्षांत त्यांनी वहिनींच्या कलेबद्दल काढलेला हा एकमेव उद्गार.

त्यातली सगळ्यात सुंदर वस्तू म्हणजे मातीत घडवलेली, घराला असते तशी, वाळत घातलेल्या कपड्यांची गॅलरी. बनियन, परकर, आत्याबाईंचं घडी केलेलं लुगडं, भाऊंची पँट, शाळेचा पिनाफोर, त्यावरचा बिल्ला आणि तुटलेला हूकसुद्धा. एका टॉवेलची कड किंचित वर उचललेली. वाकून बघितलं तरच दिसे, त्या टॉवेलखाली लपवून वाळत घातलेली कापडाची एक लहान घडी. कुठल्याही बाईला एका नजरेत कळलं असतं. अदितीनं त्याचा फोटो काढून नेला आणि निमंत्रणाच्या कार्डावर तोच छापला.

वस्तू न्यायला ती रविवारी टेम्पो घेऊन आली. नावाच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी तिथे. एकेक वस्तू गोणपाटात जात होती. वैशाली क्लासवरून आली. ती आता नववीत होती. तिनं कोपऱ्यातली ती मातीची गॅलरी पाहिली, वाकून पाहिली, शेजारी पडलेलं निमंत्रणाचं कार्ड पाहिलं आणि सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“हे माझं आहे.”

“व्हय की,” वहिनी खुशीत म्हणाल्या. “बिल्ला बघ कसा झ्याक आलाय.”

“मला विचारलंस?”

वहिनींना प्रश्नच कळला नाही. “काय इचारायचं?”

“मम्मी, मी त्या दिवशी तुला सांगितलं होतं, कुणाला सांगू नको. पप्पांना नको, आज्जीला नको. तू हो म्हणालीस. आणि हे कार्डावर छापलंय? माझ्या शाळेचा बिल्ला लावून?”

“अगं, त्यात लाज कसली? समद्या बायकांचं...”

“मला लाज नाही वाटत,” वैशाली ओरडली. “पण ते माझं आहे. तुझं नाही.”

वहिनींच्या हातातलं गोणपाट तसंच अर्धवट राहिलं. कोपऱ्यातून आत्याबाईंचा आवाज आला, “पोरगी बरोबर बोलतीया, सुमन. मला निदान नाक सरळ करून घ्यायला मिळालं.”

अदितीनं समजवायचा प्रयत्न केला. ही मुख्य वस्तू आहे. हिच्यासाठी समोरची जागा राखून ठेवली आहे. हीच नसेल तर ती जागा दुसऱ्याला जाईल. कार्डं वाटून झालीत. अशी संधी पुन्हा येईलच असं नाही. ती जे सांगत होती ते सगळं खरं होतं, आणि वहिनींना ते कळत होतं. त्यांनी त्या वस्तूकडे पाहिलं. मला माहीत होतं, त्या टॉवेलची कड वर उचलायला त्यांना अकरा दिवस लागले होते. तीनदा मोडली होती.

“कार्डं छापली तर छापली,” त्या शेवटी म्हणाल्या. “कार्डं छापल्यावर बी लग्नं मोडत्यात.”

त्यांनी ती गॅलरी दोन गोणपाटांत नीट गुंडाळली, सुतळी बांधली आणि वैशालीच्या हातात दिली. “घे. फोड, ठेव, न्हाईतर कुंडीत पूर. तुझं हाय.” माफ कर, असं काही म्हणाल्या नाहीत. तो शब्द त्यांच्याकडे नव्हता. मग संडासात गेल्या आणि आतून कडी लावली. इतक्या वर्षांत त्यांना असं करताना मी पहिल्यांदा पाहिलं. अदिती घड्याळ बघायला लागली, तशा आत्याबाई म्हणाल्या, “बसू दे तिला वाईच. टेम्पो काय पळून जात न्हाई.”

प्रदर्शनात वहिनींच्या नऊ वस्तू जिन्याखालच्या कोपऱ्यात गेल्या. समोरच्या जागी कुणाचे तरी निळे उंच गोळे होते, ज्यांच्याकडे पाहून लोक दुरून मान डोलवत होते. पण माणसं त्या जिन्याखाली वाकून, गुडघ्यावर बसून बघत होती. बाहेर येताना हसत होती. संडासाचं दार एका अविवाहित गृहस्थांनी घेतलं. त्यांना त्यातलं काय कळलं देव जाणे. वहिनी तिन्ही दिवस स्टुलावर बसून चपला काढून पाय चोळत होत्या.

शेवटच्या दिवशी वैशाली आली. बोलावलं नव्हतं. एकटी आली आणि प्रत्येक वस्तू सावकाश बघत फिरली. एका बाईनं कौतुकानं विचारलं, “तू मुलगी का यांची? आईनं तुझं काही केलं नाही वाटतं?”

“केलंय ना,” वैशाली म्हणाली. “घरी आहे. दाखवत नाही.”

वहिनी स्टुलावर तिकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यांना ऐकू गेलं होतं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

त्या यशानंतर वहिनी मोठ्या झाल्या, असं सांगायला मला आवडलं असतं. अदितीकडून निरोप आला की गिऱ्हाइकांना दारं हवीत, वीस दारं करा. “मी काय सुतार हाय?” असं उत्तर गेलं आणि तो पत्रव्यवहार तिथेच संपला. पुढे बाजारात फ्यूजच्या जागी नव्या तऱ्हेचे खटके आले. चिनी मातीचे कटआऊट कुणी घेईना. वीरजीभाईंनी कारखाना बंद केला. निरोप घेताना त्यांनी नमुने भाजायची छोटी विजेची भट्टी वहिनींना दिली. वैशालीचा पाय मात्र परत दिला नाही, कच्छला घेऊन गेले.

ती भट्टी वहिनींनी घरातल्या मोरीशेजारी बसवली आणि रविवारी भर दुपारी, क्रिकेटचा सामना रंगात असताना चालू केली. आख्ख्या विंगचा फ्यूज उडाला. चोवीस घरांतले टीव्ही एकदम गेले. पुरुष मंडळी जिन्यात जमली. आयुष्यभर फ्यूज पुसलेली बाई मेन बोर्डासमोर उभी राहून जळका कटआऊट निरखत म्हणाली, “ह्यो आमच्याकडचा न्हाई. आमचा टिकला असता.”

यावेळी समज नव्हे, नोटीस आली. सोसायटीत भट्टी चालणार नाही. भट्टी नाही तर मी बी न्हाई, असं वहिनींनी जाहीर केलं आणि महिन्याभरात जगदाळे कुटुंब खारघरला गेलं. तेव्हा खारघर म्हणजे डोंगर, जुनं गावठाण आणि जिकडे तिकडे खणलेले खड्डे. गावातल्या एका घराच्या दोन खोल्या आणि मागची पत्र्याची शेड त्यांनी भाड्यानं घेतली. टेम्पो निघाला तेव्हा प्रधान काकू वरच्या गॅलरीतून हात हलवत होत्या. साहेब आत होते.

मी त्यांना भेटायला एकदाच गेले, दशक संपत आलं होतं तेव्हा. शेडमध्ये आत्याबाई पाटावर बसून गावातल्या बायकांना मिश्रीचे फायदे सांगत होत्या. वैशाली कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, कॉमर्सला होती. मातीला ती हात लावत नव्हती आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नव्हतं. गोणपाटातली ती वस्तू तिच्या कपाटात सगळ्यात खाली होती, एवढं वहिनींनी मला कुजबुजत सांगितलं. मी बघायला मागितली नाही. “तिला इचारा,” असंच म्हणाल्या असत्या.

चहा झाला, गप्पा झाल्या, कारखाना बंद झाल्यापासून मनासारखी माती मिळत नाही ही वहिनींची तक्रार ऐकून झाली, मी निघाले. तिथे रिक्षा मिळायला वेळ लागे म्हणून वहिनी मला सोडायला रस्त्यापर्यंत आल्या. पुढच्या प्लॉटवर कुठल्याशा टॉवरचा पाया खणत होते आणि डंपर माती भरून एकामागून एक बाहेर पडत होते, उडवलेल्या धुळीत काही दिसत नव्हतं. मी रिक्षेत बसले. मागे वळून बघते तर वहिनी रस्त्याच्या मधोमध उभ्या, एक हात वर. पहिला डंपर करकचून थांबला. ड्रायव्हरनं काहीतरी शिवी दिली. वहिनी चाकावर पाय ठेवून वर चढल्या, चिमूटभर माती घेतली, जिभेवर ठेवली, चघळली आणि पचकन थुंकल्या. “न्हाई. जा तू.” तो गेला. दुसराही थांबवला. पुन्हा चिमूट, पुन्हा जिभेवर. यावेळी त्यांनी डोळे मिटले. मागे डंपरची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. बाई आपली तोंडात माती घोळवत उभी. मग त्यांनी डोळे उघडले आणि आमच्या रिक्षेच्या वरून, सगळ्या हॉर्नच्या वरून ऐकू येईल अशा आवाजात ड्रायव्हरला ओरडल्या,

“घे मागं! शेडपाशी ओत समदी!”

आणि तो एवढा थोरला डंपर, मी सांगते, मुकाट्यानं मागे यायला लागला.